मायकडून की मायक्याकडून

११ ऑक्टोबर. आज डीप फ्रीजरमधला बर्फ काढायचा आहे. दिवाळीआधी लोक माळे झाडतात, मी फ्रीजर झाडते. रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या बर्फाच्या पेटीत हलवायच्या, फ्रीजर बंद करून दार उघडं टाकायचं, खाली जुन्या चादरी पसरायच्या आणि बर्फ आपोआप सुटायची वाट बघायची. सुरीनं खरवडायचा नाही. एकदा घाईत खरवडला होता, तेव्हा फ्रीजरचीच आतली नळी फुटून गॅस निघून गेला. तर आता वाट बघण्याचे दोन-तीन तास हातात आहेत, त्यात हा लेख उरकते. संपादकांचे दोन फोन येऊन गेले. 'कामातले अनुभव लिहा, शास्त्र कमी ठेवा,' असं त्यांचं म्हणणं. कमी ठेवते. अजिबात काढून टाकलं तर मात्र अनुभवही उरणार नाहीत.

माझं काम थोडक्यात असं. माणसाच्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत शेकडो बारीक चुली असतात. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास त्यांत जळतो आणि शरीराला लागणारी ताकद निघते. या चुलींना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशीचं वीजघर म्हटलेलं असतं, पण आमच्या भागात वीज म्हटलं की लोकांना आधी ती गेलेलीच आठवते, म्हणून मी चूल म्हणते. चुली नीट पेटेनाशा झाल्या की जिथं ताकद जास्त लागते तिथं आधी उपासमार होते. मेंदू, डोळ्यांची नस, कान, स्नायू. कुणाला फिट येतात, कुणाला जिना चढता येत नाही, कुणाचं ऐकणं जातं. एकाच घरात एकाला हे, दुसऱ्याला ते. त्यामुळे अशी माणसं पाच दवाखाने पालथे घालतात आणि सहाव्या ठिकाणी डॉक्टर कंटाळले की माझ्याकडे पोहोचतात.

आणखी एकच गोष्ट सांगते. या चुलींना स्वतःची वेगळी जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात. बापाच्याही चुली असतात, पण गर्भ तयार होताना त्या दाराबाहेर राहतात. आईच्या चुली सगळ्या मुलांना मिळतात, मुलग्यांना आणि मुलींनाही. पुढं मुली त्या आपल्या मुलांना देतात. मुलगे कुणालाच देत नाहीत. यातले काही आजार आईबाप दोघांकडूनही येतात, पण ते आज बाजूला ठेवू.

नोकरीची बरीचशी वर्षं दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. तिथं मी उंदरांना फिरत्या दांड्यावर चालवत असे. दांडा हळूहळू वेग घेतो, धडधाकट उंदीर टिकतो, आजारी उंदीर लवकर घसरतो. उंची फार नसते, त्याला लागत नाही. औषध दिलेला उंदीर जास्त टिकला तर आम्ही खूश. हे मी एकदा सुट्टीत घरी समजावून सांगितलं आणि बाबांनी वारासिवनीच्या बाजारात जाहीर केलं की मुलगी सर्कशीत लागली आहे, पगार बरा आहे. ते थट्टा करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

उंदरांना लागू पडलेलं औषध माणसांना लागू पडत नाही, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार. माझ्या वाट्याला तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की आता उंदीर पुरे. प्रयोगशाळेत माणसांचे नमुने येत, माणसं येत नसत. नळीवर नुसता नंबर. त्या नंबरच्या मागं घर कुठलं, बहिणी किती, त्यांना मुलं किती, हे कुणी विचारून आलेलं नसे आणि आईच्या बाजूनं चालणाऱ्या आजारात नेमकं तेच लागतं. मी मूळची इथली, हिंदी मुलखातल्या बालाघाटची, घरी मराठी बोलणारी. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि परत आले. इथल्या एका दवाखान्यानं मागच्या दोन खोल्या दिल्या. रक्त मी घेते, नमुने जुन्या प्रयोगशाळेत तपासून मिळतात, उत्तर घरोघर नेऊन सांगते. गावोगावी माझं नाव 'रगतवाली मॅडम' पडलं आहे. आणखी वाईट पडू शकलं असतं.

सुरुवातीला मी थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन बसनं फिरायचे. परसवाड्याच्या गाडीत एकदा कंडक्टरनं पेटीकडे पाहून विचारलं, "मच्छी हाये काय? मच्छीचं टिकट लागते." मी म्हटलं, रक्त आहे. त्यानं तिकीट मागितलं नाही, पण माझ्या आसपासच्या तीन जागा परसवाड्यापर्यंत रिकाम्या राहिल्या. तेव्हापासून गर्दीच्या गाडीत मी हे आपणहून सांगते.

परसवाड्याच्याच बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अडवून विचारलं होतं, "तुम्ही सुई टोचता, पण दवाई देत नाही. गोळी देत नाही. मंग येता कशाले?" मी म्हटलं, नाव सांगायला. काय झालंय त्याचं नाव. ते म्हणाले, "नाव तं आमचा पुजारीबी सांगते." याचं उत्तर आता माझ्याकडे आहे, पण ते गृहस्थ परत भेटले नाहीत.

कटंगीकडचे एक शाळामास्तर दर रविवारी फोन करायचे. त्यांच्या मुलीला फिट यायच्या, हळूहळू चालणं गेलं, मग बोलणं. मास्तर नमस्कारानंतर एकच प्रश्न विचारायचे, "कुठपर्यंत आलं, मॅडम?" औषध कुठपर्यंत आलं असा त्याचा अर्थ. जणू गाडी नागपूरहून सुटली आहे आणि मला स्टेशनांची नावं माहीत आहेत. मुलगी गेली. मास्तरांचा फोन दिवाळीला अजून येतो, प्रश्नही तोच असतो. मी खरं तेच सांगते, की थोडं पुढं सरकलंय. आजवर मी नावं पुष्कळ दिली, गाडी एकही आणली नाही. याची खंत आहे, पण ती घेऊन बसले तर सोमवारचे नमुने कोण पाठवेल.

आता ज्या घराबद्दल लिहायचं ठरवलं होतं तिकडं येते. यातली सगळी नावं बदललेली आहेत आणि सगळ्यांनी लिहायला होकार दिला आहे.

वारासिवनीजवळच्या एका गावातला नितेश. वय चोविसाच्या आसपास, पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्यात, म्हणजे त्यांना नवी तार गुंडाळण्यात, हुशार. त्याच्या एका डोळ्यापुढं मधोमध धुकं आलं. दुखणं नाही, लाली नाही. काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याचंही तसंच झालं. कडेकडेनं थोडं दिसायचं, समोर बघितलं की माणसाचा चेहरा गायब. गावात लगेच निदान झालं, की पोरगा मोहाची दारू प्यायला, त्यात कुणीतरी काहीतरी मिसळलं. तशानं डोळे जातात हे खरंच आहे, त्यामुळे कुणाला ते खोटंही वाटलं नाही. त्याच्या वडिलांनी, हेमराजभाऊंनी, आंधळ्या होत चाललेल्या पोराला दोन थोबाडीत दिल्या.

"मॅडम, मी चायशिवाय काही पेत नाही," नितेशनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"तेबी बिनसाखरेचा," त्याला घेऊन आलेली धाकटी बहीण वर्षा म्हणाली. ती वारासिवनीला कॉलेजात शिकते. त्याला हाताला धरून आणणं, त्याच्या मोबाइलवरचे मेसेज वाचून दाखवणं ही कामं तेव्हापासून तिच्याकडे आली होती.

रक्त तपासलं. डोळ्याच्या नसेतल्या चुलींचा एक ठरलेला बिघाड असतो, तो निघाला. हा बिघाड ज्यांच्या अंगात असतो त्या सगळ्यांचे डोळे जात नाहीत. पुष्कळांचं आयुष्य काही न होता जातं. तरुण पुरुषांना धोका जास्त, बायकांना बराच कमी. बिडी-सिगारेटचा धूर आणि दारू यांनी धोका वाढतो. एक औषध आहे, त्यानं काहींना थोडंफार दिसायला लागतं. नितेशला ते डॉक्टरांनी सुरू केलं.

दारूचा आळ गेला म्हणून नितेशला इतका आनंद झाला की डोळ्यांचं दुःख तो मिनिटभर विसरला. हेमराजभाऊ खाली बघत म्हणाले, "मंग हे आलं कोठून?"

मी इथली आहे, लोकांशी लोकांसारखं बोलते याचा मला अभिमान आहे. पुस्तकी 'आई' न म्हणता मी म्हटलं, "हा आजार मायकडून येतो." मग डोळ्यांची काळजी, धूर, दारू हे सगळं सांगितलं. मान हलवून मंडळी गेली. वर्षाचा आणि नितेशच्या थोरल्या भावाचा विषय मी पुढच्या भेटीवर ठेवला, कारण त्या दिवशी नितेशचंच पुष्कळ होतं.

पुढची भेट होण्याआधी एका सोमवारी सुखराममामा माझ्या दारात उभे राहिले. तिरोडीच्या खाणीतून निवृत्त झालेले, अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या. अनुसयाबाईंचे, म्हणजे नितेशच्या आईचे, ते भाऊ.

"तुम्हीच काय त्या रगतवाल्या मॅडम?"

"हो. बसा ना."

"बसाले नाही आलो. माह्या घराण्याले रोगी काहून म्हटलं तुम्ही?"

"मामा, मी तुमचं घराणं पाहिलेलंसुद्धा नाही."

"मंग हेमराज भाऊजी खोटं बोलून राह्यले काय? ते म्हणते, मॅडमनं सोता सांगतलं का हा रोग मायक्याकडून आला."

मी हातातलं काम खाली ठेवलं. मी मायकडून म्हटलं होतं. आमच्याकडे मराठी बोलतानाही माहेराला मायका म्हणायची सवय आहे, हिंदी चारी बाजूंनी आहे, कोण कशाला वेगळं काढत बसतो. मी मायकडून म्हटलं, ते हेमराजभाऊंनी मायक्याकडून असं ऐकलं. म्हणजे बायकोच्या माहेराकडून.

"मायक्याकडून नाही हो. मायकडून. माय. आई."

"तेच तं. माय कोठून आली? मायक्यातून. अन् तिचं मायकं म्हंजे आमचंच घर ना, मॅडम?"

शास्त्राच्या नजरेनं बघितलं तर ते पूर्ण चुकलेही नव्हते. मी दोन कप चहा सांगितला.

मग खरा घोटाळा कळला. सुखराममामांची मुलगी प्रतिमा आणि नितेशचा थोरला भाऊ मंगेश यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मामाची मुलगी करणं आमच्याकडे नवीन नाही, उलट हक्काचं मानतात. लग्न उन्हाळ्यात होतं. हेमराजभाऊंनी माझं वाक्य घरी नेलं, त्यावर चार दिवस विचार केला आणि निरोप पाठवला की रोग ज्या घरातून आला त्या घराची आणखी एक पोरगी आम्हाला परवडायची नाही. सोयरिक मोडली. बातमी तिरोडीहून कटंगीपर्यंत गेली. आता दुसरीकडूनही प्रतिमाला कुणी विचारणार नव्हतं, कारण तिच्या घरात 'डोळ्याची बिमारी' होती आणि तसं एका शास्त्रज्ञ बाईनं सांगितलं होतं.

"पोरगी काय म्हणते?" मी विचारलं. प्रतिमा शिवणकाम करते, हाताखाली दोन मुली आहेत, एवढं तोवर कळलं होतं.

"काही नाही म्हणत. मशीन चालवून राह्यली. लय जोरात चालवते."

मामा उठले, बाही वर केली. "माहं रगत घ्या. पाहा त्यात काय निघते. मंग भाऊजीच्या तोंडावर मारतो ते कागद."

मी त्यांना आधी सांगितलं की मामा, हे निघू शकतं. ते म्हणाले, साठीला आलो, सुईत दोरा अजून बिनचष्म्यानं ओवतो, काय निघते? रक्त दिलं. आणि निघालं. नितेशच्या अंगात जो बिघाड होता तोच मामांच्या अंगात होता, फक्त आयुष्यभर त्यानं डोकं वर काढलं नव्हतं. निघणारच होता, मामांची आई तीच नितेशची आजी, दोघंही तिच्याच चुलीवरचे.

उत्तर ऐकायला ते परत आले, ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे भाऊजी खरं बोलले."

"नाही. तुमच्यात आहे, पण तुमच्यापाशी संपतं. पुरुषाकडून हे पुढं जात नाही. प्रतिमाच्या सगळ्या चुली तिच्या आईच्या, म्हणजे मामींच्या. तुमची एकही नाही."

"एकबी नाही?"

"एकही नाही."

"नाक तं माहंच हाये तिचं."

"नाक दुसऱ्या खात्यातून येतं, मामा."

त्यांना हसू आलं, पण लगेच त्यांच्या लक्षात आलं तेच माझ्याही लक्षात होतं. पोरगी निर्दोष होती. मंगेश नव्हता. नाकारणाऱ्याच्या घरात आजार होता आणि नाकारलेलीच्या अंगात नव्हता. हे मी मामांना बोलून दाखवलं नाही, कारण मंगेशचं उत्तर मंगेशचं. मामांनीही विचारलं नाही. म्हणाले, "तुम्ही या रविवारी. मी पोरीले घेऊन येतो. भाऊजीसमोर बोला."

त्याआधी मला दोन कामं होती. नितेशला फोन करून विचारलं, तुझं सगळ्यांसमोर बोलू का. तो म्हणाला, माझं काय लपवायचं, सगळ्यांना दिसतंय. मग मंगेशला गाठायला वारासिवनीच्या राइस मिलवर गेले. तिथं तो मशीन सांभाळतो. फाटकाबाहेर चिंचेखाली उभा राहून तो बिडी ओढत होता. मला पाहून त्यानं ती पाठीमागं धरली. मी विषय काढला तसा तोच म्हणाला, "नितेशची माय तेच माही माय. मले काय समजत नाही, मॅडम?"

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले मामाजीच्या घरचं आहे. मले बरं वाटलं. असं वाटलं का माह्या आंगातून निघून तिकडं गेलं."

हे ऐकून मला त्याचा राग आला नाही. विज्ञानाचा अर्धा इतिहास असल्याच बरं वाटण्यानं भरलेला आहे. मी विचारलं, "आणि प्रतिमाचं काय?"

त्यानं बिडी चपलेखाली विझवली. "रविवारी या तुम्ही. माहं मी सांगन."

रविवारी छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सगळे बसलो. हेमराजभाऊ खुर्चीवर, मामा बाजेवर, त्यांच्याशेजारी प्रतिमा, मंगेश खांबाला टेकून, नितेश जमिनीवर. अनुसयाबाई दारात. वर्षा चहा देत होती. प्रतिमानं यायला नको होतं असं हेमराजभाऊंचं तोंड सांगत होतं. प्रतिमाचं तोंड काहीच सांगत नव्हतं.

मी मायचा उच्चार न करता सुरू केलं. म्हटलं, पुरुषाकडून हा आजार पुढं जात नाही. सुखराममामांमध्ये तो आहे, हे त्यांनी स्वतः सांगायला परवानगी दिली आहे. पण मामा पुरुष. त्यामुळे प्रतिमात तो नाही, तिच्या मुलांत कधी येणार नाही. चूल सांगितली, दाराबाहेर राहणारी बापाची चूल सांगितली. हेमराजभाऊंनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

"म्हंजे दोष हिचा," ते दाराकडे मान करून म्हणाले.

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. याच गोष्टीची मला भीती होती. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "हेमराजभाऊ, त्यांना त्यांच्या आईनं दिलं, तिला तिच्या आईनं, माहीत नसताना. तुम्ही मंगेशला नाक दिलंत ते काय निवडून दिलंत?"

"नाक बरं आहे त्याचं," मामा मध्येच म्हणाले. "बाकीचं पाहावं लागन."

हेमराजभाऊ माणूस वाईट नाही. ते बायकोकडे वळून म्हणाले, "आत काहून उभी? बस येथी." ती बसली.

मग मंगेश खांब सोडून पुढं आला. "बाबा, रोग माह्यात आहे. नितेशमध्ये आहे तं माह्यातबी आहे. डोळे जातीन का नाही, ठाऊक नाही. मी मामाजीच्या घरावर जाऊ देल्लं, ते चुकलं."

आत्तापर्यंत मुलगी नाकारणारा बाप आता मुलीकडच्यांच्या तोंडाकडे बघत होता.

प्रतिमानं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही माझ्याकडे बघून. "मॅडम, याची नजर जाईन काय?"

"सांगता येत नाही. कदाचित कधीच जाणार नाही. गेली तर तरुणपणी जायची शक्यता जास्त. धुरानं आणि दारूनं धोका वाढतो, एवढं पक्कं."

ती मंगेशकडे वळली. "किती बिड्या ओढतं?"

"दिवसाच्या तशा..."

"मोजून नको सांगू. सोडतं काय?"

"सोडतो."

"आत्ता सगळ्यांसमोर सोडून राह्यला, उद्या मिलवर ओढशीन. उन्हाळ्यापर्यंत पाहीन. मंग सांगीन हो का नाही."

"अन् नजर गेली तं?" हेमराजभाऊंनी विचारलं. आवाज पार खाली आलेला.

"मले शिवता येते, मामाजी," प्रतिमा म्हणाली. आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडे मामाजीच म्हणतात. "तेवढ्यानं घर चालते. बिडी ओढून गेली तं मात्र मी चालवणार नाही."

तिच्या बापानं बाजेवरून माझ्याकडे बघितलं. "नाक माहं, तोंड तिच्या मायचं," ते म्हणाले. नितेश सगळ्यात मोठ्यानं हसला.

हे काही वर्षांपूर्वीचं. लग्न उन्हाळ्यात नाही, पुढच्या हिवाळ्यात झालं, कारण मधे एकदा प्रतिमाला त्याच्या शर्टाला बिडीचा वास आला होता. मंगेशची नजर अजून ठणठणीत आहे. खिशात बडीशेप असते. नितेशला एका डोळ्यानं आता मोठी अक्षरं दिसतात आणि रिवाइंडिंग तो बोटांच्या अंदाजानं करतो. आणि मी त्यानंतर कुठल्याही घरात 'मायकडून' हे वाक्य उच्चारलेलं नाही. आधी घरातल्या सगळ्यांची नावं विचारते, मग 'हिच्यापासून याला, हिच्यापासून हिला' असं बोट दाखवत सांगते. वेळ जास्त लागतो.

पण त्या रविवारी मी बोलले त्यात एक गोष्ट मुद्दाम बोलले नव्हते. पुरुषाकडून पुढं जात नाही, हे सांगितलं. आता यापुढं कुणाकडून जाईल, ते छपरीत सांगितलं नाही. अनुसयाबाईंचं सांगून झालंच होतं. उरली होती ती चहाचे कप गोळा करत होती. तिचं लग्न ठरायचं होतं, गाव ऐकत होतं, आणि तिनं मला विचारलेलं नव्हतं.

परतीची बस चुकली म्हणून मी त्यांच्याकडेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षा कॉलेजला निघाली तेव्हा मी पिशवी उचलून तिच्याबरोबर निघाले. थांबा गावाबाहेर आहे, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं. घरं मागं पडेपर्यंत आम्ही परीक्षेबद्दल बोललो.

मग मी म्हटलं, "वर्षा, काल एक गोष्ट मी बोलले नाही."

"हौ. तुम्ही पुरुष पुरुष करून राह्यल्या. मामाजी पुरुष, दादा पुरुष. मी चायचा टरे घेऊन उभी होती."

"ऐकायचंय का तुला? आज नको असेल तर नको. पुढच्या वर्षी विचारलंस तरी मी इथंच आहे."

"सांगा."

मी सांगितलं. तुझ्यातही हा बिघाड असणार. तुझ्या नजरेला धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही. तुला मुलं झाली तर त्या सगळ्यांना तो मिळेल. मिळाला म्हणजे डोळे जातीलच असं नाही, हे मामांकडे बघून तुला माहीत आहे. मूल हवं असेल तेव्हा आधी माझ्याकडे ये, काय काय करता येतं ते सांगेन. कधी कुणाला सांगायचं ते तू ठरवायचं. मी घरात सांगणार नाही.

ती चालता चालता म्हणाली, "म्हंजे नको म्हणून राह्यले होते प्रतिमाले, अन् ते होती मी."

"हौ," मी म्हटलं.

बस आली. तिनं मला खिडकीची जागा दिली आणि एकेक विचारायला लागली. मुलांचे डोळे कोणत्या वयात तपासायचे. मुलगी झाली तर तिला कधी सांगायचं. लग्नाआधी सांगायचं तर मुलाला एकट्याला की त्याच्या घरी. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, नव्हतं तिथं नाही म्हटलं. कॉलेजचा थांबा आला आणि गेला. तो तिनंही पाहिला, मीही पाहिला. तिनं पुढचं तिकीट काढलं, बालाघाटचं. दवाखान्याच्या मागं पोचल्यावर मी खोली उघडली, हात धुतले आणि तिचं रक्त घेतलं.